पिंप, पूल आणि पिकदाणी

"काय मग, शेवटी बाटलीला तोंड लावलंसच ना?"

पोर्तुगालहून परत आल्यावर हॉस्टेलच्या जिन्यात भेटलेल्या पहिल्या मित्राचा हा पहिला प्रश्न. ना तब्येत विचारली, ना क्रेडिट्स ट्रान्स्फर झाले का ते विचारलं. नंतर मेसमध्ये, लॅबमध्ये, इतकंच काय, रेक्टर सरांच्या केबिनमध्येसुद्धा हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर आला. (सरांनी तो फारच सभ्य शब्दांत विचारला, पण रोख तोच!) प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं म्हणून हा लेख. उत्तर शेवटी येईल. मध्ये थोडं केमिकल, थोडं सिव्हिल आणि थोडा इतिहास सोसावा लागेल. तयारी असेल तर पुढे वाचा.

२०२३ साली एका सेमिस्टरसाठी मी पोर्तोला होतो. पोर्तो म्हणजे पोर्तुगालच्या उत्तरेला, डौरो नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं शहर. आम्हाला बायोप्रोसेसचा एक पेपर होता आणि त्यात एक फील्ड व्हिजिट सक्तीची. आपल्याकडे अशी व्हिजिट म्हणजे साखर कारखाना नाहीतर डेअरी. तिथल्या सरांनी नोटीस लावली ती मात्र अशी: शनिवारी सकाळी दहा वाजता पायी फिरून वाइन टेस्टिंग, बरोबर गाईड, रिपोर्ट सोमवारी. खाली एक ओळ होती, की चाखणं ऐच्छिक आहे, पण वास घेऊन नोंदी करणं सक्तीचं. ती ओळ वाचून मला हायसं वाटलं. का, ते सांगतो.

घरची गोष्ट

मी निफाड तालुक्यातला. घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही. निघताना आईने विमानतळावर नाही, घरच्या देवासमोरच वचन घेतलं होतं, की 'पिणार नाही'. आणि याच माळकरी घराने २००६ साली दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली होती!

यात विसंगती वाटेल, पण त्या वेळी आमच्या भागात ते अगदी सरळ होतं. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, विंचूरला वाइन पार्क झालं, कंपन्या गावोगाव करार करत फिरू लागल्या. आजोबा म्हणायचे, "आपण द्राक्ष पिकवतो, पुढे त्याचं काय करायचं ते घेणारा बघेल." दोन-तीन वर्षं पैसे बरे आले. मग २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि करार करणाऱ्या कंपनीने आमचा माल उचलला नाही. आधीचे पैसेही अडकले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खायच्या द्राक्षाला भाव पडला तर त्याचा बेदाणा करता येतो, लोकल मार्केटला पाठवता येतं. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते कुणी खायला घेत नाही. ज्याच्यासाठी लावलं त्याने नाही म्हटलं, की माल झाडावरच सडणार. २०१० साली पपांनी बाग तोडली. मी दुसरीत होतो. ट्रॅक्टरला साखळी लावून एकेक खोड उपटताना मी बांधावर उभा होतो, आणि पुढचं वर्षभर आमच्या चुलीत शिराझची लाकडं जळत होती. पपा त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

तर अशी पार्श्वभूमी घेऊन मी त्या शनिवारी सकाळी साओ बेंतो स्टेशनवर हजर झालो.

पहिला थांबा: स्टेशनात वाइन कशी?

आम्ही नऊ जण होतो. गाईड तिशीतली, पायात चांगले मळलेले बूट, हातात छत्री. पोर्तोमध्ये पाऊस कधीही येतो. तिने आम्हाला आधी दुकानात नाही, स्टेशनच्या हॉलमध्ये नेलं. साओ बेंतोच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत. जवळजवळ २०,००० फरशा, चित्रकार जॉर्ज कोलासू, आणि स्टेशन सुरू झालं १९१६ साली. लढाया आहेत, राजे आहेत आणि त्यांच्याच बरोबरीने द्राक्षतोडणी आणि वाइनची वाहतूकही आहे. माझी नजर राजांवर ठरेना. पाठीवर ओझं घेतलेले मजूर बघून मला आमच्याकडे फेब्रुवारीत क्रेट वाहणारी माणसं आठवली.

गाईड म्हणाली, "द्राक्षं इथे पिकत नाहीत. ती नदीच्या वरच्या अंगाला, शंभरेक किलोमीटर आत, डोंगरउतारावर पिकतात. शहराने फक्त ती वाइन मुरवली, मोजली आणि विकली. आज आपण त्याच वाटेने चालणार." म्हणजे सगळा फेरफटका शहराच्या चढावरून नदीकडे उतरत जाणारा होता. पायी टूरचा फायदा इथेच कळतो. बसमधून उतरून थेट ग्लासापाशी गेलं तर ग्लासात काय आहे तेवढंच कळतं, तो तिथे का आहे हे कळत नाही.

चाखायची पद्धत, अर्थात स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर

रुआ दास फ्लोरेस नावाच्या जुन्या गल्लीत एका छोट्या दुकानात पहिला थांबा. टेबलावर तीन ग्लास, पाण्याचा जग, पावाचे तुकडे आणि मध्ये एक स्टीलचं भांडं. भांडं कशाला ते मला कळलं नाही. पावाला मात्र पोर्तुगीजमध्येही 'पांव' असंच काहीसं म्हणतात! आपला पाव, बटाटा, चावी, साबण, घमेलं, पगार हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. मी यादी सांगितली तशी गाईड खूश झाली. या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र मला त्या वेळी आठवला नाही. तो पुढे येईल.

आता पद्धत. क्रम ठरलेला असतो: आधी बघणं, मग फिरवणं, मग हुंगणं आणि शेवटी घोट. आधी हलकी आणि कोरडी वाइन, नंतर गोड आणि जड. उलटं केलं तर जिलबी खाऊन चहा प्यायल्यासारखं होतं, चहाची साखर जाणवतच नाही.

ग्लास तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरायचा. तांबडी वाइन जुनी होत जाते तशी कडेला विटकरी दिसू लागते. मग ग्लास गोल फिरवायचा. फिरवल्यावर काचेवर एक पातळ थर चढतो आणि त्यातून थेंब हळूहळू खाली ओघळतात. लोक म्हणतात की थेंब जाड तर वाइन भारी. तसं काही नाही. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात हेच आहे. पातळ थरातलं अल्कोहोल आधी उडतं, तिथलं पृष्ठताण वाढतं, ते खालच्या द्रवाला वर ओढतं आणि वजन फार झालं की थेंब ओघळतो. १८५५ साली जेम्स थॉमसनने हे समजावून सांगितलं आणि पुढे कार्लो मारांगोनीच्या नावाने ते ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे थेंबांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. वायवाला विचारलं तर उत्तर तयार ठेवा!

फिरवण्याचं खरं काम वेगळंच आहे. द्रवाचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि वासाचे रेणू मोकळे होतात. जिभेला मुळात खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो ती बहुतेक नाकाचीच करामत. सर्दीत आईच्या हातची आमटीसुद्धा पाणचट लागते ती याचमुळे. म्हणून सरांनी वास सक्तीचा आणि घोट ऐच्छिक ठेवला होता.

पहिल्या दुकानात मी फक्त हुंगलं. पांढऱ्या पोर्टला बदामासारखा, मोसंबीच्या सालीसारखा वास आला. डौरोच्या साध्या तांबड्या वाइनला ओल्या मातीचा आणि जांभळाचा. 'जांभूळ' इंग्रजीत सांगता येईना, म्हणून मी वहीत मराठीतच लिहिलं. शेजारची ब्राझीलची मुलगी म्हणाली, तिच्याकडेही असंच एक फळ आहे आणि तेही तिला इंग्रजीत सांगता येत नाही. आमची तिथेच दोस्ती झाली.

१७५६ सालचा भाव

खाली उतरत आम्ही एका चौकात आलो. मध्ये राजपुत्र हेन्रीचा पुतळा, हात समुद्राकडे. याच्या काळात सुरू झालेल्या सफरींची परिणती पुढे गोवा आणि वसईपर्यंत झाली, हे शाळेत शिकलो होतोच. जवळच इंग्रज व्यापाऱ्यांची वखार आहे, १७८५ ते १७९० या काळात बांधलेली. सुरतेच्या वखारीचं नाव ऐकून मोठा झालेला मी, पण वखार उभी बघितली ती पोर्तोमध्ये.

इंग्रज इथे का आले? फ्रान्सशी त्यांचं सारखं वैर. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. झालं, मागणी भडकली. मागणी भडकली की काय होतं ते निफाडच्या पोराला सांगायला नको. जिथे जागा दिसेल तिथे वेली लागल्या. भेसळ सुरू झाली, रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस मिसळू लागले. इंग्रजांचा विश्वास उडाला आणि भाव कोसळला.

मी वही खाली ठेवली. हे मी कुठेतरी ऐकलं होतं, फक्त साल वेगळं होतं.

१७५६ साली तिथला मंत्री पोंबालचा मार्क्विस याने एक कंपनी काढली आणि डौरो खोऱ्याची हद्द आखली. या हद्दीच्या आत पिकलेल्या द्राक्षाचीच पोर्ट, बाहेरची नाही. हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले. एल्डरची झाडं उपटून टाकण्याचा हुकूम निघाला. जगातल्या सर्वांत जुन्या नियंत्रित वाइन प्रदेशांपैकी हा एक. अर्थात सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ साली पोर्तोमध्ये लोक रस्त्यावर उतरले, ते बंड निर्दयपणे मोडलं गेलं आणि अनेकांना फाशी झाली. गाईडने हेही सांगितलं, लपवलं नाही.

पूल

मग आलो रिबेराला, म्हणजे नदीकाठी. रंगीत घरं, वाळत घातलेले कपडे, कबुतरं. एका भिंतीवर ब्राँझची एक पाटी आहे आणि तिच्यापुढे मेणबत्त्या जळत होत्या. २९ मार्च १८०९ ला नेपोलियनचं सैन्य शहरात घुसलं, लोक जीव घेऊन नदीपलीकडे पळाले. तेव्हा पूल होता तो होड्या एकमेकींना बांधून केलेला. तो गर्दीने तुटला आणि असंख्य माणसं बुडाली. दोनशेहून जास्त वर्षं झाली, अजून तिथे मेणबत्ती लागते. आमच्या टूरमधलं सगळं बोलणं दोन मिनिटं थांबलं.

पाटीजवळच आजचा दों लुईस पूल. माझा इथला रूममेट सिव्हिलचा. त्याची सक्त ताकीद होती, "वाइनचे फोटो नकोत, रिव्हेटचे पाठव." तर रूममेटा, घे. १८८६ साली सुरू झालेला लोखंडी कमानीचा पूल, कमानीचा गाळा १७२ मीटर, त्या काळी या प्रकारातला जगात सर्वांत लांब. डिझाइन तेओफील सेरिगचं. हा एकेकाळी गुस्ताव्ह आयफेलचा भागीदार होता. दोघांच्या कंपनीने वरच्या अंगाला १८७७ साली १६० मीटर गाळ्याचा रेल्वे पूल बांधला होता. नंतर वाटा वेगळ्या झाल्या आणि हा पूल सेरिगने केला. कमान एकच, पण रस्ते दोन, एक वर आणि एक पाण्यालगत. वरच्या रस्त्यावरून २००५ पासून मेट्रो धावते आणि बाजूने माणसं चालतात. एकोणिसाव्या शतकातल्या कमानीवर एकविसाव्या शतकातली मेट्रो! आम्ही खालच्या रस्त्याने नदी ओलांडली.

पिंप

पलीकडचं गाव विला नोवा दे गाया. इथे कौलारू छपरांची लांबच लांब गोदामं आहेत आणि छपरांवर मोठ्या अक्षरांत नावं: सँडेमन, टेलर्स, ग्रॅहम्स, फेरेरा. सँडेमनच्या १९२८ सालच्या चिन्हातल्या माणसाच्या अंगावर पोर्तुगीज विद्यार्थ्यांचा काळा झगा आहे. तिथली कॉलेजची पोरं आजही समारंभाला तसाच झगा घालतात.

गोदामं याच काठावर का? उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणून ऊन कमी. समुद्र जवळ, म्हणून हवा दमट आणि तापमान फारसं वरखाली होत नाही. थोडक्यात, विजेशिवायचं कोल्ड स्टोरेज! वरच्या खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो. म्हणून हिवाळ्यानंतर वाइन नदीमार्गे खाली यायची, राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून. नदी तेव्हा फार धोकादायक होती. डौरोचा नकाशा काढणारा जोसेफ फॉरेस्टर १८६१ साली याच नदीत होडी उलटून बुडाला. पुढे रेल्वे आली, रस्ते आले, धरणं झाली आणि होड्या थांबल्या. आता त्या काठाला शोभेला बांधलेल्या असतात आणि दरवर्षी २४ जूनला त्यांची शर्यत होते. निर्यातीची पोर्ट गायामधूनच गेली पाहिजे हा १९२६ चा नियम १९८६ पर्यंत होता.

आत गेलो. अंधार, गारवा आणि एक गोडसर, लाकडाचा, बेदाण्याच्या शेडसारखा वास. दोन्ही बाजूंना लाकडी पिंपांच्या रांगा. गाईड एका पिंपावर हात ठेवून म्हणाली, "ही आमची पीपा. पाचशे पन्नास लिटर."

पीपा! मी जवळजवळ ओरडलोच. आपलं पिंप! हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर पाणी नसताना ज्यापुढे आपण रांग लावतो ते पिंप याच शब्दातून आलंय. घरून हजारो मैल लांब एका अंधाऱ्या गोदामात आपल्या न्हाणीतला शब्द भेटला की काय वाटतं, ते लिहून सांगता येत नाही.

आता थोडं केमिकल

पोर्ट म्हणजे अर्धवट थांबवलेलं किण्वन. द्राक्षं ठेचतात, काही ठिकाणी अजूनही ग्रॅनाइटच्या हौदात माणसं पायांनी तुडवतात. कारण साधं आहे. पायाखाली मणी फुटतो पण बी फुटत नाही, आणि बी फुटली की कडूपणा उतरतो. अलीकडे हेच काम करणारे यांत्रिक 'पाय' बसवलेले हौदही आहेत. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करू लागतं. साध्या वाइनमध्ये ते साखर संपेपर्यंत चालू देतात. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, साखर साधारण निम्मी उरलेली असताना, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. त्याचं नाव आग्वारदेंत, म्हणजे शब्दशः 'जळतं पाणी'. प्रमाण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर. बेरीज ५५०, बरोबर एक पिंप. आता मास बॅलन्स मांडा. रसात ६ टक्के अल्कोहोल झालं असेल तर ते २६ लिटर. स्पिरिटमधलं ८८.५ लिटर. एकूण ११४.५ भागिले ५५०, म्हणजे जवळजवळ २१ टक्के. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट जगत नाही. किण्वन जागच्या जागी थांबतं आणि लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि साध्या वाइनच्या दीडपट कडक. गोव्याच्या ट्रिपला स्वस्त 'पोर्ट' म्हणून गोड लागते तशी दोन ग्लास ढोसून जे आडवे होतात, त्यांना कारण कळलं असेल. आणि हो, गोव्याच्या त्या बाटलीचा आणि डौरोच्या द्राक्षाचा संबंध नावापुरताच.

पुढचा फरक भांड्याचा. रुबी पोर्ट मोठ्या टाकीत ठेवतात, टॉनी छोट्या पिंपात. ५०,००० लिटरची टाकी आणि ५५० लिटरचं पिंप एकाच आकाराचे धरले, तर लिटरमागे पिंपाचा पृष्ठभाग साडेचारपट येतो. तितकी हवा जास्त लागते, रंग तांबड्याचा पिंगट होतो, वास फळाचा जाऊन अक्रोड-खारकेचा येतो. शिवाय वर्षाला साधारण दोन टक्के वाइन लाकडातून उडून जाते. त्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. २० वर्षांनी ५५० चे ३६७ लिटर उरतात. म्हणजे जुन्या टॉनीची किंमत नुसती नावाची नसते, त्यात उडून गेलेल्या तिसऱ्या हिश्शाचीही असते. बाटलीवरचे १०, २० किंवा ३० हे आकडे मिश्रणाचं साधारण वय सांगतात, नेमकं साल नाही. एकाच उत्तम वर्षाची, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाटलीत भरून पुढे बाटलीतच मुरणारी ती व्हिंटेज.

पिकदाणी

टेबलावर पुन्हा तेच स्टीलचं भांडं. या वेळी गाईडने घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि शांतपणे त्या भांड्यात थुंकला. पिकदाणी! मी बघतच राहिलो. ती म्हणाली, जे रोज चाखतात ते सगळे थुंकतात. दिवसाला चाळीस-पन्नास नमुने गिळले तर पाचव्यानंतर जीभ आणि विसाव्यानंतर नोकरी जाईल.

मी पाच मिनिटं विचार केला. मग वीस वर्षांच्या टॉनीचा एक चमचाभर घोट घेतला, दहापर्यंत आकडे मोजले आणि थुंकलो. आधी गोड, मग आंबट, मग हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. ते टॅनिन. आपल्या लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं, सुपारी किंवा कच्च्या जांभळाने होतं तसंच. आणि थुंकल्यावरही मिनिटभर वास नाकात मागून येत राहिला: खारीक, भाजलेला बदाम, आणि हो, आमच्या चुलीतल्या लाकडाचा धूर. तो धूर पिंपाचा होता की आठवणीचा, ते रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "शेतकऱ्याला भाव काय मिळतो? आणि कंपनीने माल उचलला नाही तर?"

बाकीचे चमकले. ती मात्र खुर्ची ओढून बसली. तिचे आजी-आजोबा वरच्या खोऱ्यातले शेतकरी निघाले. तिने सांगितलं ते असं. दरवर्षी हंगामाआधी ठरतं की यंदा एकूण किती पोर्ट करायची. विक्री किती, साठा किती, यावरून. मग तो कोटा जमिनीच्या प्रतीप्रमाणे वाटला जातो. उंची, उतार, माती, झाडांचं वय, उत्पन्न असे बारा निकष, प्रत्येकाला गुण, त्यावरून श्रेणी. शेतकऱ्याला आधीच माहीत असतं, की आपल्या बागेतली किती द्राक्षं पोर्टला जाणार. त्यांना भाव बरा मिळतो. उरलेली साध्या वाइनला जातात आणि त्यांचा भाव कधी कधी तोडणीचा खर्चही काढत नाही. जगात पोर्टचा खप घटतोय तसा कोटाही कमी होतोय. तिच्या आजोबांच्या गावात पोरं बागा सोडून शहरात येतायत. "मी आलेच ना," ती म्हणाली.

म्हणजे तिथेही स्वर्ग नाही. पण वेल लावण्याआधी आणि तोडणीआधी कुणीतरी पिंपं मोजतं, हा फरक मला मोठा वाटला.

घरी फोन

रात्री आईला सगळं सांगितलं, घोटासकट. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "थुंकलास ना? मग चूळ भरलीस असं समजू. परत नको." प्रकरण मिटलं.

मग पपांनी फोन घेतला. त्यांनी चवीबद्दल काही विचारलं नाही. त्यांचे खुंट विदेशी की गावठी, छाटणी किती वेळा, असं सुरू झालं. मी सांगितलं, की छाटणी हिवाळ्यात एकदाच, आपल्यासारखी दोनदा नाही. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या बागा मारल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम करतात. "म्हणजे आपल्या डॉगरीजसारखंच," ते म्हणाले. आपण खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी करतो, ते किडीसाठी, एवढाच फरक. मग कोट्याचं सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते त्या बागेबद्दल बोलले. "आधी पिंपं मोजायची असतात, मग वेल लावायचा. आपण उलटं केलं. पण बाग चांगली होती हं ती." एवढंच. मला ते पुष्कळ होतं.

जायचं असेल तर

अशी टूर आता आपल्या नाशकातही करता येते, फक्त ती मळ्यात असते, शहरात पायी नाही. कुठेही गेलात तरी चार गोष्टी लक्षात ठेवा. उपाशीपोटी जाऊ नका. अत्तर, डिओ लावू नका, स्वतःचा आणि शेजाऱ्याचाही वास बिघडतो. प्रत्येक ग्लासानंतर पाव आणि पाणी. थुंकायला लाजू नका, पिकदाणी त्यासाठीच आहे. वही ठेवा, नाहीतर तिसऱ्या ग्लासाला पहिला आठवत नाही. वयाचा कायदा पाळा आणि गाडी चालवत परत येऊ नका. आणि प्यायचीच नसेल तर खुशाल हुंगून परत या, निम्म्याहून जास्त गंमत नाकातच असते. शेवटी गाईडला भावाबद्दल एक प्रश्न नक्की विचारा.

तर मित्रांनो, जिन्यातल्या त्या प्रश्नाचं उत्तर: तोंड लावलं, पण बाटलीला नाही. एक चमचा घेतला आणि थुंकला. रिपोर्टला 'ए' मिळाला. रेक्टर सर, आता तरी बॅग तपासायची राहू द्या. आत फक्त वही आहे आणि रूममेटसाठी रिव्हेटचे एकोणचाळीस फोटो.